काउंटरवरचा कॉम्प्युटर नेमका कोणाचा?

कॉलेज ॲडमिशनचे दिवस आठवा. हातात अर्धवट भरलेला फॉर्म, मागे रांग आणि झेरॉक्सच्या दुकानातला दादा ओरडतोय, "व्हॉट्सॲपला टाक गं, लगेच काढून देतो!" आपण काय करतो? काउंटरवर चिकटवलेला नंबर सेव्ह करतो आणि आधार, मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान असं सगळं एका दमात पाठवून देतो. दोन मिनिटांत प्रिंट हातात. क्यूआर स्कॅन करून वीस रुपये दिले की विषय संपला.

आपल्यासाठी संपला. त्या कॉम्प्युटरसाठी नाही. व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेली फाईल 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये जाऊन बसते आणि ती तिथून काढायला दुकानदाराकडे ना वेळ असतो, ना काही कारण. हार्ड डिस्क भरली की मग कधीतरी साफसफाई. तोवर तुमचं, माझं आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या आजींचं आधार तिथेच मुक्कामाला. "पण ई-आधारला पासवर्ड असतो ना?" असं माझी रूममेट म्हणाली. असतो ना. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. नाव व्हॉट्सॲपवर दिसतं आणि साल त्याच फोल्डरमधल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतं. झालं.

२७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक पत्रक काढलं होतं. आधारची झेरॉक्स कोणालाही देत सुटू नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' द्या, कॅफेतल्या कॉम्प्युटरवर ई-आधार डाउनलोड केलं असेल तर त्याच्या सगळ्या प्रती कायमच्या पुसून टाका, असं त्यात म्हटलं होतं. त्यावरून देशभर एवढा गोंधळ उडाला की दोनच दिवसांत, २९ मे रोजी, केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतलं. लोकांनी चुकीचा अर्थ काढू नये म्हणून, असं कारण दिलं. पण प्रती पुसा हा त्यातला सल्ला बरोबरच होता. तो पत्रकाबरोबर हवेत विरला.

सायबर सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळी हुडी घातलेला हॅकर आणि मोठमोठ्या बँकांचे सर्व्हर येतात. प्रत्यक्षात आपली सगळ्यात खाजगी माहिती असते ती झेरॉक्सच्या दुकानात, आपले सरकार सेवा केंद्रात, टॅक्सवाल्या काकांकडे, पतसंस्थेच्या शाखेत, क्लासच्या ऑफिसात, दूध संकलन केंद्रावर आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर. आपल्या जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत असे कॉम्प्युटर आहेत. ते सांभाळणं मात्र कोणाच्याच कामात बसत नाही. मालक म्हणतो मुलगा बघतो, मुलगा म्हणतो रिपेअरवाला बघतो, रिपेअरवाला म्हणतो बोलावलं की येतो.

कोपऱ्यातलं बटण

हा विषय आत्ताच काढायचं कारण म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. आपल्याकडे तेव्हा दिवाळीची खरेदी जोरात होती, त्यामुळे बातमी आली आणि गेली.

मी तेव्हापासून एक खेळ सुरू केलाय. कुठल्याही दुकानात गेले की स्क्रीनची खालची पट्टी बघायची. स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यात असेल तर बहुधा विंडोज १० किंवा त्याहून जुनी. मधोमध असेल तर ११. सावेडीपासून माळीवाड्यापर्यंत मी जिथे जिथे डोकावले, तिथे डावा कोपरा आरामात जिंकतोय. एका ठिकाणी तर विंडोज ७ होती. तिला २०२० च्या जानेवारीपासून नेहमीची अपडेट नाहीत. हा काही सर्व्हे नाही, पण तुम्हीही करून बघा.

अपडेट थांबली म्हणून कॉम्प्युटर थांबत नाही, आणि घोळ इथेच होतो. गाडीचा इन्शुरन्स संपला तरी गाडी चालतेच, तसं हे आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सापडलेल्या त्रुटींची दुरुस्ती पाठवतं. विंडोज ११ साठी दुरुस्ती आली की हल्लेखोर ती उलगडून बघतात, की बाबा नेमकं काय बुजवलं? १० आणि ११ चा गाभा बराचसा सारखा आहे. म्हणजे ११ मध्ये बुजवलेलं भोक १० मध्ये तसंच उघडं असायची शक्यता मोठी. दुरुस्तीच चोराला पत्ता सांगते.

हे पुस्तकी बोलणं नाही. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाच्या रॅन्समवेअरने साधारण दीडशे देशांतले कॉम्प्युटर कुलूपबंद केले. ते विंडोजच्या ज्या त्रुटीतून शिरलं, तिची दुरुस्ती त्याच वर्षी १४ मार्चला आली होती. जवळजवळ दोन महिने औषध कपाटात पडून होतं. आपण 'रिमाइंड मी लेटर' दाबतो ना, तसं तेव्हा जगभरातल्या ऑफिसांनी केलं.

आता उपाय काय? घरगुती विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट मिळायची सोय आहे. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की त्याचे पैसेही पडत नाहीत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करता येते. ऑफिसांसाठी दर मशीनमागे पैसे भरायची वेगळी योजना आहे. आता काउंटरवरचा कॉम्प्युटर घरगुती की ऑफिसचा, हा वेगळाच वाद. पण मी ज्या ज्या दुकानदारांना विचारलं त्यांतल्या एकालाही यातलं काहीच माहीत नव्हतं.

"नवीनच घ्या की मग," असं म्हणणं सोपं आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. त्याआधीचा, अगदी ठणठणीत चालणारा कॉम्प्युटरही चालत नाही. चांगलं चाललेलं मशीन भंगारात काढा असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मग कोणी म्हणतं, लिनक्स टाका, फुकट आहे. बरोबर आहे, पण लग्नपत्रिका छापणाऱ्याला हे सांगून बघा. त्याची वर्षानुवर्षांची कामं श्रीलिपीत केलेली, फॉन्ट त्यातले, बोटांना सवय त्याच कीबोर्डची. ती जुनी आवृत्ती जुन्या विंडोजवर चालतेय, त्यामुळे तो मशीनला हात लावू देत नाही. सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन, टॅक्स ऑफिसात डिजिटल सिग्नेचरचं टोकन, यांचीही घडी विंडोजवर बसलेली. मराठीत काम करणारा छोटा धंदा जुन्या विंडोजला चिकटून बसतो तो निव्वळ आळसामुळे नाही, हे आधी मान्य करायला हवं.

अशा मशीनसाठी मला सगळ्यात पटलेला उपाय एका डीटीपीवाल्या ताईंनीच शोधलाय. पत्रिकेच्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर त्यांनी सरळ काढून टाकली. "पत्रिका टाइप करायला नेट कशाला लागतं?" मेल आणि व्हॉट्सॲप दुसऱ्या मशीनवर. पेनड्राइव्ह इकडून तिकडे नेताना आधी स्कॅन करतात. मोठमोठ्या संस्थांना सल्लागार जे सांगतात ते हेच.

दहा तारखेची सकाळ

आता घरातली गोष्ट. आमच्या नात्यातले एक काका टॅक्सची कामं करतात. घराच्या पुढच्या खोलीतच ऑफिस, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक असिस्टंट. व्यापाऱ्यांचं जीएसटी, पगारदारांचे रिटर्न, दोन-तीन संस्थांचे हिशेब. दोन वर्षांपूर्वी महिन्याच्या दहा तारखेला सकाळी त्यांचा मला फोन आला, "तुझं ते मास कम्युनिकेशन ठेव बाजूला आणि घरी ये. हे बघ काय झालंय." घरातली शिकलेली पोर म्हणजे तिला कॉम्प्युटर कळणारच, हा आपल्याकडचा समज तुम्हालाही ठाऊक असेल.

टॅलीचा डेटा, एक्सेल, स्कॅन केलेली बिलं, काहीच उघडत नव्हतं. प्रत्येक फाईलच्या नावामागे एक विचित्र शेपूट लागलेलं. डेस्कटॉपवर इंग्रजीत एक चिठ्ठी: फाईल परत हव्या असतील तर बिटकॉइनमध्ये पैसे द्या. दुसऱ्या दिवशी अकरा तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख. व्यापाऱ्यांचे फोन सुरू झालेले. काकू चहा ठेवून तो उतू जाईपर्यंत तशाच उभ्या होत्या, हे मला अजून दिसतं.

मी पहिलं काम केलं ते नेटची वायर काढायचं. ते बरोबर होतं, असं नंतर कळलं. दुसरा प्रश्न विचारला, बॅकअप? काकांचा चेहरा उजळला. "आहे ना! एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे." ती कॉम्प्युटरच्या मागे चोवीस तास जोडलेलीच होती. तिच्यातल्या फाईलींनाही तेच शेपूट.

ही एक गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगते. जोडलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नाही. रॅन्समवेअरला डी ड्राइव्ह काय आणि बाहेरची डिस्क काय, सगळे कप्पेच. जगातली सगळ्यात गाजलेली बॅकअपची गोष्ट तर एका लाइट जाण्याची आहे. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' पसरलं. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. आपल्याकडे टॅली, तसं तिथल्या धंद्यांमध्ये ते चालतं. तिथून ते मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीत शिरलं आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. मर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कचा नकाशा ज्या सर्व्हरांवर असतो ते सगळे पुसले गेले. वाचला एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातला. तिथे नेमकी वीज गेली होती म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता! लोडशेडिंगला शिव्या देणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

काकांकडे घाना नव्हतं. पैसे भरायचे नाहीत एवढं मात्र त्यांनी ठरवलं. पोलिसांत तक्रार दिली. 'नो मोअर रॅन्सम' नावाची एक साइट आहे, युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांना सोबत घेऊन २०१६ मध्ये सुरू केलेली. काही जुन्या रॅन्समवेअरच्या चाव्या तिथे फुकट मिळतात. आमच्या शेपटाची चावी नव्हती. मग तीन आठवडे सगळ्यांनी मिळून उभं केलं: भरलेले रिटर्न जीएसटी पोर्टलवर होते, जुने ताळेबंद मेलमध्ये, बाकी व्यापाऱ्यांकडून बिलांच्या फाईली परत मागवून काकू आणि असिस्टंट रात्री दोनपर्यंत टाइप करायचे. काही रिटर्न उशिरा गेले, त्यांची लेट फी काकांनी खिशातून भरली. दोन गिऱ्हाइकं गेली ती गेलीच.

'फॉरमॅट मारून देतो'

हे शिरलं कुठून? नंतर ज्याने मशीन तपासलं त्याच्या मते बहुधा दुरून कॉम्प्युटर चालवायच्या ॲपमधून. रिपेअरवाल्याने ते टाकून ठेवलं होतं, म्हणजे प्रत्येक वेळी यायला नको. त्याला कायमचा पासवर्ड दिलेला, आणि काकांना दाट संशय आहे की तोच पासवर्ड त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे असणार. शहराचं नाव, पुढे एक-दोन-तीन. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, पासवर्ड मात्र अजून जुन्याच नगरचे आहेत.

त्या मशीनवर विंडोजही पायरेटेड होती. यात नवल नाही. पाचशे रुपयांत 'फॉरमॅट मारून देतो' म्हणणाऱ्याकडून दुसरं काय मिळणार? पण यात नेमकं होतं काय, ते समजून घ्या. फुकटची विंडोज 'ॲक्टिव्हेट' करायला एक छोटा प्रोग्राम चालवतात. तो चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं जातं, कारण अँटिव्हायरस त्याला पकडतो. म्हणजे वॉचमनला सुट्टी देऊन अनोळखी माणसाला घराची किल्ली द्यायची आणि वर आभार मानायचे. मग पुढे अपडेट केली तर ॲक्टिव्हेशन उडेल या भीतीने अपडेटही बंद करून ठेवतात. विंडोजसोबत येणारा 'डिफेंडर' छोट्या ऑफिसासाठी पुरेसा चांगला आहे आणि त्याला वेगळे पैसे लागत नाहीत. पण तो चालू तर असायला हवा!

रिपेअरवाल्याला मी व्हिलन करत नाहीये. त्याला तीनशे रुपये व्हिजिट मिळते आणि 'लवकर चालू करून दे' एवढंच सांगितलेलं असतं. सुरक्षा करून दे, त्याचे वेगळे पैसे घे, असं त्याला कोणी कधी म्हटलंय का? साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर असेच रिपेअरवाले होते. दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत कॉम्प्युटरकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायला लागले तेव्हा कॉम्प्युटर शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजयने, ते काढायचे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून नव्वदच्या दशकात क्विक हील उभी राहिली. गिऱ्हाइकाचं मशीन पुन्हा पुन्हा तेच दुखणं घेऊन येतंय, हे त्या दुकानात कोणीतरी नीट बघितलं.

आणखी एक गोष्ट काकांकडे दिसली, आणि ती मला रॅन्समवेअरपेक्षा जास्त भीतीदायक वाटते. ड्रॉवरमध्ये बिस्किटाचा एक डबा. त्यात पंधरा-वीस गिऱ्हाइकांची डिजिटल सिग्नेचरची टोकनं, प्रत्येकावर नाव आणि पिन लिहिलेलं स्टिकर. ही डिजिटल सही कायद्याने हातच्या सहीसारखीच चालते. टेंडर, कंपनीचे कागद, रिटर्न सगळं तिच्यावर. कोऱ्या चेकवर सही करून डब्यात ठेवल्यासारखंच हे. गावाकडे तर ग्रामपंचायतीची टोकनंही असंच कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असतात, असं ऐकायला मिळतं. 'सोयीचं पडतं' हे उत्तर सगळीकडे सारखं.

पतसंस्थेला कोण विचारतं?

मोठ्यांचं काय होतं तेही बघू. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एटीएमच्या सर्व्हरमध्ये मालवेअर शिरलं आणि बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने अकरा जणांना दोषी ठरवलं. त्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे २०१८ मध्येच, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट काढली आणि २०१९ च्या शेवटी बँकेच्या व्यवहारांनुसार चार पायऱ्यांची सविस्तर चौकट.

पण पतसंस्था ही बँक नसते. ती १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली, सहकार खात्याच्या देखरेखीत चालते. रिझर्व्ह बँकेची ती चौकट तिला लागत नाही आणि बँकेतल्या ठेवीला जो पाच लाखांचा विमा असतो तोही तिथल्या ठेवीला नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था गल्लोगल्ली आहेत. किती घरांतल्या मुलींच्या लग्नाचे आणि कांद्याचे पैसे तिथे असतात ते सांगायला नको. काही संस्था उत्तम काळजी घेतात, मी नाकारत नाही. पण ठेव ठेवताना आपण व्याजदर विचारतो. "तुमच्या डेटाचा बॅकअप कुठे असतो?" असं मॅनेजरला कधी विचारलंय?

आणि नुसतं स्वतःचं दार लावून भागत नाही. ३१ जुलै २०२४ ला देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले. त्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअर आलं होतं, म्हणून एनपीसीआयने तिला आपल्या जाळ्यातून तात्पुरतं वेगळं काढलं. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार सुरुवात झाली ती साखळीतल्या आणखी एका पुरवठादाराच्या नीट न लावलेल्या सर्व्हरपासून. म्हणजे बँकेचा पुरवठादार, त्याचा पुरवठादार. आमच्या काकांचा रिपेअरवाला आठवतोय ना? आकडे वेगळे, गोष्ट तीच.

कायदा येतोय, नाही असं नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत आहे. माहिती फुटली तर ज्याची माहिती आहे त्याला कळवावं लागेल, असं त्यात आहे. मोठा दंड कोटींमध्ये आहे. पण झेरॉक्सच्या दुकानात हा कायदा कसा पोहोचणार, मला प्रामाणिकपणे चित्र दिसत नाही. टॅक्स ऑफिसात आणि पतसंस्थेत पोहोचेल. पोहोचायलाच हवा.

यादी

काकांचं ऑफिस आता वेगळं चालतं. नवीन मशीन एकच घेतलं, तेही विंडोज लायसन्ससकट. दुसऱ्यावर जादा अपडेटची नोंदणी केलीय, पण ती घरगुती वापरासाठीची, त्यामुळे ते मशीन आता काकू आणि चुलतभावाकडे गेलंय. रोजचं काम साध्या खात्यातून होतं. ॲडमिनचा पासवर्ड वेगळा आणि तो वहीत, वही कपाटात. त्यामुळे चुकून काही क्लिक झालं तरी सगळ्या सिस्टीमचा ताबा घ्यायच्या आधी बहुतेकदा पासवर्ड तरी मागितला जातो, त्या खात्यातल्या फाईलींना धोका मात्र राहतोच. दुरून चालवायचं ॲप काढून टाकलं, रिपेअरवाल्याला फोन करूनच यायचं सांगितलंय. मेलला आणि टॅक्सच्या पोर्टलांना जिथे जिथे दोन टप्प्यांचं लॉगिन मिळतं तिथे ते लावलं. वायफायच्या राउटरचा 'ॲडमिन-ॲडमिन' पासवर्ड बदलायला मला जेमतेम पाच मिनिटं लागली, आणि तो आठ वर्षं तसाच होता.

दोन हार्ड डिस्क आहेत. एक सोमवारची, एक गुरुवारची. कॉपी झाली की काढायची. एक काकूंच्या कपाटात, एक चुलतभावाच्या घरी. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाईल उघडून बघायची, कारण न तपासलेला बॅकअप उघडेलच असं नाही. बिस्किटाचा डबा रिकामा झाला. टोकनं गिऱ्हाइकांना परत दिली, सही लागली की ते येतात. कुरकुरतात, पण येतात. आर्थिक फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय. त्याच्या शेजारी कॅलेंडर, त्यावर अकरा आणि वीस तारखेला लाल गोल.

एक गोष्ट मात्र राहिली होती. हल्लीचे रॅन्समवेअरवाले फाईल नुसत्या बंद करत नाहीत, त्याआधी बऱ्याचदा त्यांची कॉपीही घेऊन जातात. काकांच्या त्या मशीनवर दीड-दोनशे लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट होते. बिलं परत मागताना त्यांनी सगळ्यांना 'कॉम्प्युटर क्रॅश झाला' एवढंच सांगितलं होतं. मी तेव्हा विचारलं होतं, "काका, खरं सांगितलं का लोकांना?" ते म्हणाले, "सांगितलं तर उद्या माझ्याकडे कोण येईल?" मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. खरं तर धंदा त्यांचा, घर त्यांच्यावर चालतं, आणि मी फुकटचा सल्ला देणारी. पण ज्याचा पॅन गेला असेल, त्याच्या नावावर उद्या कोणी कर्ज काढलं तर त्याला ते कळणार कसं, हाही प्रश्न होताच.

हा लेख पाठवायच्या आधी मी काकांना वाचून दाखवला. नाव नको, एवढीच त्यांची अट होती. वाचून झाल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग जुन्या वहीतून त्या वर्षीच्या गिऱ्हाइकांची यादी काढली. गेल्या सोमवारपासून रोज संध्याकाळी सातनंतर ते एकेकाला फोन करतायत. दोघांनी बडबड केली, एकाने फोन आपटला. दिल्ली गेटजवळच्या एका किराणा दुकानदाराने मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग मी आता नेमकं काय काय बदलू?" काकांनी फोन माझ्या हातात दिला.